आडनावाचा रकाना

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी, डबा खाऊन हात धुऊन आल्यावर, धम्मदीप रणपिसेनं रोजच्यासारखं कचेरीतल्या संगणकावर कॅनडा सरकारचं ते पान उघडलं आणि चार रकाने भरले. पहिल्यात मुलीच्या अर्जाचा क्रमांक, दुसऱ्यात आडनाव, तिसऱ्यात जन्मतारीख, चौथ्यात जन्माचा देश. खाली एक बारीक चौकट होती. मी स्वतः अर्जदार आहे किंवा अर्जदाराचा प्रतिनिधी आहे, अशा अर्थाची. तिच्यावर त्यानं खूण केली. पंधरा महिने तो ही खूण करत आला होता, आणि तिच्यात काही खोटं आहे हे आता त्याच्या बोटाला जाणवतही नव्हतं. पान थोडा वेळ फिरत राहिलं आणि उघडलं ते नेहमीचं नव्हतं. एकच ओळ होती, लाल अक्षरांतली. आपण दिलेल्या माहितीशी जुळणारी नोंद आढळली नाही. त्याला वाटलं, आकडा चुकला. त्यानं मोबाइलमधला क्रमांकाचा फोटो उघडून एकेक आकडा पेन्सिलीच्या टोकानं मोजत पुन्हा भरला. नोंद आढळली नाही. जन्मतारीख चुकणं शक्य नव्हतं. देशही एकच होता. शेजारच्या टेबलावरून हेमा मॅडमनी विचारलं, "रणपिसे, नेट चालू आहे का हो तुमचं?" तो म्हणाला, "चालू आहे." नेट चालू होतं, पान चालू होतं, तो देश चालू होता आणि त्यात त्याची मुलगी नव्हती.

उत्पला त्याची मुलगी. चौदा वर्षांची, नववीत. आम्रपाली तिची आई, आणि आठ वर्षांपूर्वीपर्यंत त्याची बायको. आम्रपाली नर्स होती, कॅनडात नर्स हव्या होत्या, आणि तिनं तिकडे कायमचं राहायला जाण्यासाठी स्वतःचा आणि मुलीचा अर्ज केला होता. त्या अर्जात धम्मदीपला जागा नव्हती, फक्त एका कागदापुरती होती. मुलीला देशाबाहेर न्यायला बापाची हरकत नाही, असं लिहून द्यायचं होतं. तो कागद मागणारं जे पत्र तिकडून आलं होतं, त्याच्या डोक्यावर उत्पलाचा क्रमांक छापलेला होता, आणि नोटरीकडे झेरॉक्स काढताना त्यानं त्या पत्राचीही एक प्रत काढून घेतली होती. का घेतली, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. मग एका दुपारी पाटबंधारे खात्याच्या कालव्याचा नकाशा संगणकावर लोड होत असताना त्यानं सहज त्या देशाची साइट शोधली, सहज क्रमांक घातला, आणि उत्पला रणपिसे समोर आली. अर्ज मिळाला. छाननी सुरू आहे. वैद्यकीय तपासणी झाली. त्या ओळींवरून त्याला मुलीचं जेवढं कळे, तेवढं दुसरं कुठून कळत नव्हतं. तपासणी झाली म्हणजे कुणीतरी तिची उंची मोजली असेल, छातीला नळी लावली असेल, 'मोठा श्वास घे' म्हणालं असेल. तो पंख्याखाली बसून तो श्वास ऐकायचा. रविवार सोडून रोज. रविवारी तो घरी असे, आणि घरात त्याचे वडील, अण्णा असत.

फाइल बंद झाली असेल, नाकारली असेल, त्यांनी अर्जच मागं घेतला असेल, अशा तीन गोष्टी त्याच्या मनात आल्या, आणि तिन्हींबरोबर एक आनंद आला, ज्याची त्याला लगेच लाज वाटली. लाज वाटली तरी तो आनंद जाईना. त्याच भरात, कसं सुचलं कुणास ठाऊक, त्यानं आडनावाच्या रकान्यातलं 'रणपिसे' पुसलं आणि तिथं 'ओव्हाळ' लिहिलं. आम्रपालीचं माहेरचं नाव. नोंद आढळली नाही. इंग्रजीत ते दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. त्याला येरवड्याच्या दोन खोल्यांतली भिंत आठवली. लग्नानंतर आठच दिवसांनी आम्रपालीनं तिथं आपलं नर्सिंगचं प्रमाणपत्र चौकटीत लावलं होतं, आणि त्यावरचं स्पेलिंग चुकीचं आहे असं तो म्हणाल्यावर ती म्हणाली होती, "चुकीचं नाही, आमचं आहे." ओ, एच, ओ, एल. त्यानं ती चार अक्षरं रकान्यात घातली. पान फिरलं आणि उघडलं. अर्ज मिळाला, छाननी सुरू आहे, तपासणी झाली, सगळं होतं तसं होतं. वर नाव होतं उत्पला ओव्हाळ.

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. स्वारगेटच्या चौकात बसगाड्या एकमेकींच्या पोटाला पोट लावून उभ्या होत्या आणि त्यांत चढणाऱ्या सगळ्यांच्या छत्र्या मिटलेल्या, ओल्या. उत्पलाचं नाव ठेवलं तेव्हाही असंच ओलं होतं. विहारात सतरंज्यांना दमट वास येत होता आणि अण्णांनी, पोपट रणपिसेंनी, चार दिवस आधी एका भन्तेजींना विचारून हे नाव कागदावर लिहून आणलं होतं. उत्पला म्हणजे निळं कमळ. चाळीस वर्षं खडकीच्या कारखान्यात यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस, पण कागद वाचताना त्यांचा आवाज कापला. नाव अण्णांचं आणि आडनाव आपलं, एवढंच त्या पोरीला या घरानं दिलं होतं. बाकी दूध, ताप, शाळा, पावसाळी बूट, सगळं आम्रपालीनं. हा हिशोब त्याच्याच मनानं त्याच्यासमोर मांडला, आणि तो खरा आहे म्हणूनच त्याला राग आला. एवढंच दिलं होतं, तर तेवढं तरी ठेवायचं.

त्यांच्या लग्नात भांडणं फार नव्हती. पुढं ढकलणं फार होतं. बोलू नंतर. बघू पुढच्या महिन्यात. आम्रपाली रात्रपाळी करून सकाळी आठला यायची तेव्हा तो निघायच्या तयारीत असे, आणि ती काही सांगायला लागली की तो मोजे शोधत "हं, हं" म्हणे. एक दिवस ती म्हणाली, "तुम्ही ऐकत नाही, असं नाही. तुम्ही ऐकता आणि ठेवून देता." त्या वाक्याला काय उत्तर द्यावं हेही त्यानं ठेवून दिलं. कोर्टात दोघांनी मिळून अर्ज केला. न्यायाधीशबाईंनी मुलगी आईकडे आणि बापाला दुसरा आणि चौथा रविवार दिला. रविवार त्याला आधी पुष्कळ वाटले. धनकवडीला जायचं, आम्रपालीच्या सोसायटीच्या फाटकाशी उभं राहायचं, सहा वर्षांची उत्पला उड्या मारत यायची आणि गाडीवर पुढं उभी राहायची. "पप्पा, तू मला आज कुठं नेणारेस?" तिचं ते 'तू' गाडीच्या वाऱ्यात मागं त्याच्या तोंडावर येई. पण सात-आठ वर्षांच्या मुलीशी सहा तास काय बोलायचं ते त्याला कळत नसे. एकाच बागेत, एकाच उपाहारगृहात, एकाच टेबलाशी ते बसत. ती खाऊन झाल्यावर मिठाच्या डबीशी खेळे. तो घड्याळ बघे आणि आपण बघितलेलं तिनं बघितलं का ते बघे.

मग तो ऑगस्टचा रविवार. कात्रजला वाघ बघायला जायचं ठरलं होतं. ती नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी आम्रपालीनं मोबाइलवर लिहिलं, 'या वेळी अकरा म्हणजे अकरा.' एवढंच. तो सकाळी उठला, दाढी केली, शर्ट घातला आणि ते वाक्य पुन्हा वाचून कॉटवर बसला. अकरा म्हणजे अकरा. जणू तो नोकर होता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले, तो शर्ट चुरगळेल म्हणून ताठ बसून राहिला. साडेबाराला त्यानं लिहिलं, 'आज जमत नाही, काम आलंय.' पुढच्या वेळी तो गेला तेव्हा सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "साहेब, त्या दिवशी बेबी लय वेळ थांबली हुती. दोनदा वर जाऊन पाणी पिऊन आली." त्यानं ऐकलं आणि ठेवून दिलं. पण एकदा न गेल्यावर काय होतं ते आता त्याला माहीत झालं होतं. काहीच होत नाही. आभाळ जागेवर राहतं, सोमवारी कचेरी उघडते. पुढं महिन्यातून एक रविवार झाला, मग सणासुदीला, मग उत्पलाला रविवारचे क्लास लागले आणि दोघांचीही सुटका झाली असं त्यानं धरलं. तिची सुटका झाली का, हे तिला विचारायचं राहिलं.

आणि ती सही. गेल्या वर्षी एप्रिलात, उत्पलाची सातवीची परीक्षा संपली होती तेव्हा, आम्रपालीनं त्याला शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर बोलावलं. तो प्रसंग त्याच्या मनात स्वच्छ होता, तो पुष्कळदा काढून बघितलेला होता. झाडाखाली नोटरीचं टेबल. आम्रपाली रुग्णालयातून थेट आलेली, केसांना ती नेहमीची काळी पिन. तिनं कागद पुढं केला. त्यानं तो एक शब्द न बोलता घेतला आणि सही केली. काही विचारलं नाही, अट घातली नाही, मुलगी जाणार म्हणून डोळ्यांत पाणी आणलं नाही. दुसऱ्या एखाद्यानं अडवणूक केली असती, किंमत मागितली असती. आपण शांतपणे सही केली. गेले पंधरा महिने स्वतःबद्दल काही चांगलं आठवायचं म्हटलं की त्याला ते झाड, ते टेबल आणि आपला तो न बोलणारा चेहरा आठवायचा. आता तोच चेहरा त्याला मूर्खाचा वाटला. मी शांतपणे सही केली आणि तुम्ही शांतपणे नाव पुसलंत.

चार वाजता चहा आला तो त्यानं तसाच ठेवला. त्या साइटवर एक फॉर्म होता, अर्जाबाबत काही कळवायचं असल्यास. त्यानं क्रमांक घातला, रकाने भरले, आणि मोकळ्या चौकटीत इंग्रजीतून लिहिलं, की मी या मुलीचा जन्मदाता बाप आहे, माझी तिच्याशी भेट होऊ दिली जात नाही, मला न विचारता तिचं नाव बदललं गेलं आहे, सबब मी दिलेली संमती मागे घेत आहे. दुसरं वाक्य खोटं होतं. ते लिहिताना त्याचा हात अडला, पण वाक्य तिथं बसलं छान. खाली जुन्या संमतिपत्राची प्रत जोडली. आरेखकाची नोकरी होती त्याची, वीस वर्षं दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनीच्या नीटस रेषा काढण्यात गेली होती, आणि ते निवेदनही नीटस झालं. बटण दाबल्यावर आभाराची ओळ आली. त्याला वाटलं होतं काहीतरी मोकळं होईल. झालं नाही. विश्रांतवाडीच्या बसमध्ये त्याला बसायला जागा मिळाली, येरवड्यापाशी तुरुंगाच्या लांबच लांब भिंतीजवळून बस रखडत गेली, तेव्हा त्याला आठवलं की याच रस्त्यानं जन्मल्यावर उत्पलाला दवाखान्यातून घरी आणलं होतं, रिक्षात, आणि आम्रपाली रिक्षावाल्याला म्हणत होती, "खड्डे बघून, दादा." घरी अण्णांनी विचारलं, "आज उशीर?" तो म्हणाला, "काम होतं."

आता पान बघणं पूर्वीसारखं राहिलं नाही. पूर्वी तो मुलीची खबर बघायचा, आता स्वतःनं केलेलं काय झालं ते बघायचा. क्रमांक, मग ते चार अक्षरांचं परकं आडनाव, जे आता त्याच्या बोटांना सवयीचं होऊ लागलं होतं. एकविसाव्या दिवशी एक नवी ओळ आली. अधिक कागदपत्रं मागवण्यात आली आहेत. ती ओळ त्यानं लिहिली होती, असंच म्हणायला हवं. सात समुद्रांपलीकडच्या एका कचेरीत कुणी त्याचं वाक्य वाचलं, खरं मानलं आणि मायलेकींचं आयुष्य जागच्या जागी थांबवलं. इतकं वजन त्याच्या शब्दाला कुणी कधी दिलं नव्हतं, आणि ते त्यानं खोट्या वाक्यावर घेतलं होतं. त्याच संध्याकाळी आम्रपालीचा फोन आला.

"तुम्ही काही पाठवलंय का तिकडे?"

"हो."

पलीकडे पाण्याचा नळ चालू होता, तो तिनं बंद केला. "कारण कळेल?"

"आडनाव बदललं. मला कुणी विचारलं नाही."

"वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, रीतसर. तुमच्याकडे येतो तोच पेपर. वाचला नसेल. बोर्डाच्या फॉर्मआधी करायचं असतं ते. तिनंच सांगितलं करायला. मी तिला म्हटलं, एकदा पप्पांना फोन कर. ती म्हणाली, ते 'बघू' म्हणतील."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि भेट होऊ दिली जात नाही, असं लिहिलंय तुम्ही. त्यांनी ते आम्हाला पाठवलंय, खुलासा मागितलाय. उत्पलानं वाचलं. तीस दिवस दिलेत. तुमचं नवं संमतिपत्र पाहिजे, नाहीतर फाइल बंद. मी भांडायला येणार नाही. भांडता येत नाही असं नाही, वेळ नाही मला. उत्पला येईल रविवारी. जे काय असेल ते तिला सांगा."

ती रविवारी अकराला दोन मिनिटं कमी असताना आली. धनकवडीहून स्वारगेट, तिथून बस बदलून विश्रांतवाडी, एकटी. पाठीला शाळेची बॅग, तीत प्लॅस्टिकची फाइल. दारात ती त्याच्या खांद्याला लागत होती. शेवटचं पाहिलं तेव्हा कुठपर्यंत होती हे तो आठवू लागला आणि त्याला आठवेना. "जय भीम, आजोबा," ती म्हणाली, आणि अण्णा भिंतीला धरून उठले, "कोण, उत्पला? केवढी झालीस गं," म्हणत तिच्या डोक्यावर हात ठेवून उभेच राहिले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "आज कशी काय वाट वाकडी केलीस?" त्यांनी विचारलं. धम्मदीप भांड्यांच्या फळीकडे बघत राहिला. उत्पला म्हणाली, "सहज. सुट्टी होती ना." ते तिनं इतक्या सहज म्हटलं की काही संशय यायला जागाच राहिली नाही. अण्णांनी लाडूचा डबा काढला, तिकडे थंडी फार असते का विचारलं, तिकडे आपली माणसं आहेत का विचारलं. ती सगळ्याची नीट उत्तरं देत होती. तिथं एका गावात विहार आहे, आईनं शोधून ठेवलाय. आजोबा, तुम्ही स्वेटर विणायला सांगू नका कुणाला, तिकडे चालत नाहीत तसले. अण्णा हसले. तासाभरानं ते पाठ टेकायला आत गेले, तेव्हा तिनं फाइल उघडली आणि कागद त्याच्यासमोर ठेवला.

"हे पुन्हा लागेल," ती म्हणाली. "तुम्ही कराल का?"

तुम्ही. ते केव्हा बदललं? कोणत्या रविवारी, जो आलाच नाही? "आज नोटरी नसतात," तो म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून उद्या शाळा सुटल्यावर येते शिवाजीनगरला. चार वाजता. तुम्हाला रजा मिळेल?"

"मिळेल."

"आधार कार्ड लागेल." ती उठली. जिना उतरताना तिनं मागं वळून पाहिलं नाही, पण बस येईपर्यंत तो गॅलरीत उभा होता, आणि ती थांब्यावर उभी राहून वही काढून काहीतरी पाठ करत होती हे त्याला वरून दिसत होतं.

सोमवारी तो साडेतीनलाच पोहोचला. आधार कार्ड पाकिटात होतं, ते त्यानं दोनदा पाहिलं. चारला ती शाळेच्या गणवेशात आली, कपाळाला घाम, मोज्यांवर चिखलाचे थेंब. नोटरीच्या टेबलाशी दोन माणसं पुढं होती. त्यांच्या मागं उभं राहिल्यावर, आता दहा मिनिटांत हे संपेल आणि ती बसमध्ये बसून निघून जाईल, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "अरे, आधार घरीच राहिलं."

उत्पलानं त्याच्याकडे पाहिलं. "मोबाइलमध्ये फोटो असेल."

"नाही."

"मग तुम्ही घेऊन या. मी थांबते इथं." तिनं आजूबाजूला पाहून एक कठडा शोधला आणि त्यावर रुमाल घातला. फार वेळ थांबायचं असलं की कसं बसावं, हे तिला येत होतं.

"उद्या करू," तो म्हणाला. "चल, काहीतरी खा. भूक लागली असेल."

ती आली. समोरच्या हॉटेलात तिनं वडा-सांबार मागवलं आणि भरभर खाल्लं. तो फक्त चहा घेऊन बसला. तिनं सांगितलं की ती फ्रेंच शिकतेय, की तिनं सायकल खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली, की भूगोलाच्या बाईंनी तिला तिथल्या नद्या विचारल्या. ती त्याचं मन राखायला बोलत होती, जसं आपण दवाखान्यात कुणाला भेटायला गेल्यावर बोलतो. मग ते संपलं, आणि तिनं चमचा ताटलीत आडवा ठेवला.

"एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही आत्ता का केलंत?"

त्याच्याजवळ आडनावाचं उत्तर होतं. ते तिच्यासमोर काढवेना. "तू जाणार, म्हणून," तो म्हणाला.

"हं." तिनं थोडा विचार केला. "मला तेव्हा वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल."

"तेव्हा म्हणजे?"

"आई पहिल्यांदा सही घ्यायला आली तेव्हा. मला जायचंच नव्हतं. मी सारखी रडायचे. आईला सांगितलं असतं तर आईचं सगळंच थांबलं असतं, म्हणून सांगितलं नाही. मला वाटलं, पप्पा नाही म्हणतील, मग कुणाचीच चूक नसेल." ती हे अगदी सरळ सांगत होती, गणिताची रीत सांगावी तसं. "आई घरी आली, मी विचारलं, काय म्हणाले? तर ती म्हणाली, सही केली. मी म्हटलं, काहीच बोलले नाहीत? आई सांगत नव्हती. मग मी फारच मागं लागले, तेव्हा म्हणाली, ते म्हणाले, एवढंच? गॅसच्या कनेक्शनला यापेक्षा जास्त सह्या लागतात."

तो म्हणणार होता की मी असं बोललो नाही. मी एक शब्दही बोललो नव्हतो. पण ते वाक्य त्याच्या कानात त्याच्याच आवाजात वाजलं, त्यामागून नोटरी हसल्याचं आठवलं, आणि आपणही, नोटरीला बरं वाटावं म्हणून, हसल्याचं. आम्रपाली हसली नव्हती. ती कागदाची घडी घालत होती. त्या झाडाखालचा तो शांत, मोठ्या मनाचा चेहरा कुणाचा होता मग? पंधरा महिने तो रोज कुणाला आठवत होता?

"मग आता?" त्यानं विचारलं. "आता तुला जायचंय?"

"आता जायचंय," उत्पला म्हणाली. "आता मी तयारी केलीय."

त्यानं पाकीट काढलं. चहाचे पैसे देण्यासाठी उघडलं आणि त्यातून आधार कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तिनं कार्डाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "पाच वाजता उठतात नोटरी," आणि बॅग खांद्याला लावली.

या वेळी त्यानं कागद वाचला. पहिल्या ओळीपासून. मूल कायमस्वरूपी दुसऱ्या देशात राहील हे मला समजते. मूल तिथं वाढेल, शिकेल. मी ही संमती कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. नोटरीनं घड्याळ पाहिलं, म्हणाला, "साहेब, सही खाली आहे." धम्मदीप म्हणाला, "दिसली," आणि पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. उत्पला शेजारी उभी होती, तिनं घाई केली नाही. सही झाल्यावर त्यानं एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर इंग्रजीत लिहिलं, की भेट होऊ दिली जात नाही हे मी लिहिलेलं विधान खरं नव्हतं. भेटायचं मीच टाळलं. त्याखालीही सही केली. तिनं तो कागद वाचला आणि इतर कागदांबरोबर फाइलमध्ये घातला. "थँक यू, पप्पा," ती म्हणाली. तिची बस आली होती.

मंजुरीचा निर्णय नोव्हेंबरात झाला. पानावर तो त्याला दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी दिसला, आणि संध्याकाळी उत्पलाचा फोन आला, तेव्हा आपण हे पहिल्यांदाच ऐकतोय असं तो म्हणाला. जायचा दिवस मंगळवारचा होता. विमानतळावर येऊ का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, गाडीत सामान फार आहे, तुम्ही रविवारी घरी या ना. मग फोनवरच तिनं आईला काहीतरी विचारलं आणि म्हणाली, "आई म्हणते, आलात तर बरं होईल. बॅगा तोलायच्यात."

धनकवडीचं ते घर त्यानं आतून कधी पाहिलं नव्हतं. आता पाहायला फारसं काही उरलं नव्हतं, भिंतींवर खिळे होते आणि मधल्या खोलीत पाच बॅगा. वजन करायला माणसं उभी राहतात तो लहान काटा होता. त्यावर बॅग ठेवली की आकडा झाकला जाई, म्हणून आम्रपालीनं सांगितलं, आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा, मी वजा करते. तो चपला काढून काट्यावर चढला. उत्पला खाली उकिडवी बसली आणि आकडा वाचला. मग त्यानं पहिली बॅग उचलून छातीशी धरली. तिच्यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं. "हलू नका," खालून उत्पला म्हणाली. "थांबा. झालं." आम्रपालीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आकडा मांडला. "दीड किलो जास्त आहे. ती पुस्तकं दुसरीत घाल." दुसरी, तिसरी. एकदा चेन अडकली तर तिघांनी मिळून बॅग दाबली. आम्रपाली म्हणाली, "पाठ सांभाळा," आणि तो म्हणाला, "काही होत नाही." एवढ्याशा कामात त्याला घाम आला होता. तो ओझ्यानं असं तिघांनीही धरलं. पाचवी बॅग निळी होती, सगळ्यांत हलकी. त्यानं ती उचलली, उत्पलानं आकडा वाचला, आम्रपालीनं वजा केला आणि म्हणाली, "बसलं. झालं सगळं."

तो बॅग धरून काट्यावरच उभा राहिला.

"परत एकदा बघू का ही?" तो म्हणाला. "मी हललो असेन मघाशी."

"नाही हललात," उत्पला म्हणाली. "बरोबर आहे ते."

त्यानं बॅग खाली ठेवली आणि तो काट्यावरून उतरला.